सम्राट, शोगुन आणि तायको : जपानमध्ये राज्य कोणाचे होते?

फेब्रुवारी महिना जवळ आला की वसई परिसरातील धर्मग्रामांत संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाची तयारी सुरू होते. प्रवचने होतात, मुलांकडून निबंध लिहून घेतले जातात, एखाद्या ठिकाणी संताच्या जीवनावरील नाट्यप्रवेशही सादर होतो. या सर्वांत एक वाक्य हटकून येते : ‘जपानच्या सम्राटाने त्यांना क्रुसावर देण्याची आज्ञा केली.’ कुठे सम्राटाऐवजी ‘शोगुनने’ असा शब्द असतो. आमच्या लेखणीतूनही ही दोन्ही विधाने वेगवेगळ्या वर्षी उतरली आहेत, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. दोन्ही चुकीची आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. हा हुकूम देणारा तोयोतोमी हिदेयोशी सम्राट नव्हता आणि शोगुनही नव्हता. त्या दिवशी जपानला सम्राट होता, परंतु या प्रकरणात निर्णय त्याच्या हाती नव्हता. शोगुन तर त्या काळात मुळी कोणी नव्हताच.

मग राज्य कोणाचे होते? हा प्रश्न केवळ इतिहासाच्या परीक्षेपुरता नाही. जपानमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला आणि तेथील प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला तो जीवनमरणाचा प्रश्न होता. परवानगी कोणाकडे मागायची आणि मिळालेली परवानगी किती दिवस टिकेल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. ते उत्तर शोधण्यासाठी आपल्याला हिदेयोशीच्याही चारशे वर्षे मागे जावे लागेल.

‘शोगुन’ हा शब्द ‘सेइइ ताइशोगुन’ या लांबलचक पदवीचे संक्षिप्त रूप आहे. तिचा अर्थ रानटी लोकांचा बीमोड करणारा महासेनापती. आठव्या-नवव्या शतकात ईशान्येकडील एमिशी लोकांवर स्वारी करणाऱ्या सेनापतीला सम्राट ही पदवी त्या मोहिमेपुरती देत असे. ७९७ मध्ये ती साकानोउए नो तामुरामारो या सेनानीला मिळाली होती. मोहीम संपली की अधिकारही संपत असे. म्हणजे मूळचा शोगुन राज्यकर्ता नव्हता, दरबाराचा नोकर होता.

या नोकराचे धनी होणे बाराव्या शतकात घडले. क्योटोचा दरबार कविता, विधी आणि मानपानात रमला होता. प्रांतांतील जमिनींची राखण मात्र सामुराई घराणी करीत होती. त्यांतील ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांमध्ये युद्ध जुंपले आणि ११८५ मध्ये दान-नो-उरा येथील सागरी लढाईत ताइरा घराण्याचा निःपात झाला. विजयी मिनामोतो योरितोमो याने क्योटोकडे कूच करून सिंहासन बळकावले नाही. तो दूर पूर्वेला कामाकुरा येथेच राहिला आणि त्याने दरबाराकडे दिसायला साध्या अशा गोष्टी मागितल्या. प्रत्येक प्रांतात एक ‘शुगो’ म्हणजे लष्करी रक्षक आणि जमिनींवर ‘जितो’ म्हणजे देखरेख करून सारा वसूल करणारा कारभारी नेमण्याचा अधिकार त्याला हवा होता. निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने तो त्याच वर्षी मान्य केला. शोगुन ही पदवी योरितोमोला पुढे ११९२ मध्ये, गो-शिराकावाच्या निधनानंतर मिळाली. सत्ता आधी आली आणि पदवी मागाहून.

योरितोमोने काय साधले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. जितोची जागा तो आपल्या निष्ठावंत सामुराईंना देई. त्यांना ‘गोकेनिन’ म्हणत. जमिनीच्या उत्पन्नातील वाटा हे धन्याचे ऋण आणि रणांगणावरील सेवा ही त्याची फेड, असे हे नाते होते. युरोपातील सरंजामशाहीशी जपानची तुलना केली जाते ती मुख्यत्वे यामुळेच. जमिनीचा मूळ मालक क्योटोतील उमराव किंवा एखादा मठ असला, तरी तिच्यावर प्रत्यक्ष उभा असलेला माणूस कामाकुराचा होता. तंटा झाला तर तो न्यायासाठी कामाकुराकडेच धाव घेई. या राजवटीला पुढे ‘बाकुफु’ असे नाव पडले. त्याचा शब्दशः अर्थ तंबूतील सरकार, म्हणजे सेनापतीची छावणी. ही छावणी पुढे जवळजवळ सातशे वर्षे उठली नाही.

मराठी वाचकाला येथे साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत, त्याप्रमाणे शोगुनची नेमणूक क्योटोहून यावी लागे. साम्य आहे, पण ते फार ताणू नये. पेशवा हा छत्रपतींच्या राज्यातील प्रधान होता. शोगुनने दरबाराला हात न लावता त्याच्या शेजारी स्वतःचे वेगळे सरकार उभारले होते.

सम्राटाचा मान ठेवून अधिकार काढून घेण्याची ही युक्ती एकदा रूढ झाल्यावर ती शोगुनवरही उलटली. ११९९ मध्ये योरितोमो मरण पावला. त्याची विधवा मासाको ही होजो घराण्यातील. तिच्या माहेरच्या माणसांनी ‘शिक्केन’ म्हणजे शोगुनचा कारभारी हे पद पटकावले. १२१९ मध्ये योरितोमोचा धाकटा मुलगा, तिसरा शोगुन सानेतोमो, याचा त्याच्या पुतण्यानेच खून केला. त्यानंतर होजोंनी क्योटोच्या एका उमराव घराण्यातील तान्हे मूल आणून त्याला शोगुन म्हणून वाढवले. नावाचा सम्राट, त्याच्या नावाने नेमलेला नावाचा शोगुन आणि त्याच्या नावाने राज्य करणारे होजो, अशी ही उतरंड होती. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा याने ती मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा होजोंचे सैन्य क्योटोत शिरले आणि गो-तोबाला ओकी बेटावर हद्दपार व्हावे लागले. तरीही सिंहासन मोडले नाही, त्यावर केवळ दुसरा माणूस बसवला गेला. याच होजोंनी १२३२ मध्ये एक्कावन्न कलमांचा कायदा लिहून काढला आणि १२७४ व १२८१ मध्ये मंगोलांच्या आरमाराला तोंड दिले, हेही सांगितले पाहिजे. सत्ता उसनी असली तरी कारभार पोकळ नव्हता.

कामाकुराचे राज्य १३३३ मध्ये कोसळले. १३३८ मध्ये आशिकागा ताकाउजी शोगुन झाला आणि बाकुफुचे ठाणे क्योटोमध्येच आले. या घराण्याची पकड प्रथमपासून सैल होती. १४६७ ते १४७७ या काळातील ओनिन युद्धात राजधानी जळून गेली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत प्रांतोप्रांतीचे सरदार, म्हणजे ‘दाइम्यो’, आपापल्या मुलखाचे राजे बनले. खालच्याने वरच्याला उलथून टाकावे हाच त्या काळाचा रिवाज झाला होता.

नेमक्या याच धामधुमीत, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरले. गोव्यातच स्नानसंस्कार घेतलेला यजिरो हा जपानी गृहस्थ त्यांच्यासोबत होता. देशाच्या राजाला भेटावे, त्याची परवानगी मिळवावी, मग सर्वत्र सुवार्ता सांगावी, असा झेवियर यांचा सरळ विचार होता. युरोपातून आलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? ऐन हिवाळ्यात, बर्फातून पायपीट करीत ते जानेवारी १५५१ मध्ये क्योटोला पोहोचले. तेथे त्यांना भग्न राजधानी दिसली. सम्राट गो-नारा याची भेट झाली नाही आणि झाली असती तरी तिचा उपयोग नव्हता, हे त्यांनी थोड्याच दिवसांत ओळखले. शोगुन आशिकागा योशितेरू तर स्वतःच शत्रूंच्या भीतीने राजधानीबाहेर आश्रयाला गेला होता. दोन्ही गाद्या रिकाम्यासारख्याच होत्या.

झेवियर परत फिरले आणि त्यांनी आपली पद्धत बदलली. अंगावर चांगली वस्त्रे चढवली, सम्राटासाठी राखलेल्या घड्याळादी भेटवस्तू आणि गोव्याचे व्हाइसरॉय व महागुरू यांची पत्रे घेतली आणि ते यामागुची येथील बलाढ्य दाइम्यो ओउची योशिताका याच्यापुढे उभे राहिले. परवानगी मिळाली, शिवाय राहायला एक रिकामा मठही मिळाला. मात्र त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ओउचीच्या सरदाराने बंड केले आणि ओउचीला आत्महत्या करावी लागली. परवानगी देणाराच उरला नाही. जपानमधील राज्यव्यवस्थेचा हा धडा झेवियर यांना सव्वादोन वर्षांत मिळाला. कोणत्याही ग्रंथातून तो इतका स्पष्ट मिळाला नसता.

त्यांच्यामागून आलेल्या येशूसंघीयांनाही तोच अनुभव आला. शोगुन योशितेरू क्योटोला परतल्यावर त्याने १५६० मध्ये फादर गास्पार व्हिलेला यांना राजधानीत प्रवचन करण्याची मुभा दिली. १५६५ मध्ये योशितेरूचा खून झाला आणि मिशनऱ्यांना राजधानीतून बाहेर काढण्यात आले. १५६९ मध्ये फादर लुईस फ्रोइस यांना क्योटोत पुन्हा परवानगी मिळाली ती ओदा नोबुनागा या नव्या सेनानीकडून. सम्राट किंवा शोगुन यांची चिंता करू नका, सारे माझ्या हाती आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणे फ्रोइस यांनी नोंदवून ठेवले आहे. ही बढाई नव्हती. शोगुनला क्योटोत आणून बसवणारा नोबुनागाच होता आणि १५७३ मध्ये त्याला हाकलून देणाराही तोच. स्वतः मात्र तो कधीही शोगुन झाला नाही.

१५८२ मध्ये विश्वासघाताने नोबुनागाचा अंत झाला आणि त्याचा सेनापती हिदेयोशी पुढे आला. हा सामान्य कुळात जन्मलेला माणूस. त्याने शोगुनपदाचा मार्ग न धरता दरबारातील फुजिवारा वंशाच्या कोनोए घराण्यात दत्तक जाऊन १५८५ मध्ये ‘कान्पाकू’ हे पद मिळवले. कान्पाकू म्हणजे सम्राटाचा मुख्य प्रतिनिधी. हे पूर्वापार उमरावांचे पद प्रथमच अशा लढवय्याच्या हाती गेले. देशभर जमिनींची मोजणी, १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रांची जप्ती, सामुराई आणि शेतकरी यांच्यात पक्की भिंत, ही सारी त्याची कामे. १५९१ मध्ये त्याने कान्पाकूपद पुतण्याला दिले आणि स्वतः ‘तायको’, म्हणजे निवृत्त कान्पाकू, म्हणवू लागला. नावाने निवृत्त झालेल्या या माणसाने पुढच्याच वर्षी कोरियावर स्वारी करविली!

त्याच्या सत्तेची तऱ्हा कळण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ताकायामा उकोन हा ख्रिस्ती दाइम्यो, शूर आणि एकनिष्ठ. जुलै १५८७ मध्ये हिदेयोशीने त्याला श्रद्धा सोडण्यास सांगितले, त्याने नकार दिला आणि त्याची जहागीर गेली. खटला नाही, सुनावणी नाही. जमीन धन्याच्या मर्जीने मिळते आणि त्याच्या मर्जीने जाते, हा सरंजामी कराराचा दुसरा चेहरा. त्याच सुमारास हिदेयोशीने मिशनऱ्यांनी वीस दिवसांत देश सोडावा असा हुकूम काढला, पण तो नेटाने अमलात आणला नाही. पोर्तुगीजांचा व्यापार त्याला हवा होता.

वसईचे गोन्सालो यांच्या जीवनातील एक तपशील येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन संघाचे शिष्टमंडळ मनिलाहून जपानला आले. दुभाषी होते ब्रदर गोन्सालो. जपानमध्ये त्यांची आधीची अनेक वर्षे गेली होती आणि तेथील भाषा त्यांना उत्तम अवगत होती. हे शिष्टमंडळ सम्राटाला भेटायला क्योटोला गेले नाही. ते गेले क्युशू बेटावरील नागोया येथील छावणीत (आजचे नागोया शहर ते नव्हे), जेथून हिदेयोशी कोरियाचे युद्ध चालवीत होता. बेचाळीस वर्षांपूर्वी झेवियर यांना जे उमगण्यासाठी बर्फातून चालावे लागले, ते या मंडळींना ठाऊक होते. क्योटोत राहण्याची परवानगी त्यांना तेथेच मिळाली.

ती परवानगी तीन वर्षे टिकली. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातील मौल्यवान माल जप्त झाला आणि त्यावरून उठलेल्या वादात, मिशनरी म्हणजे स्पेनच्या राजाच्या फौजेची आघाडी, असा संशय तायकोच्या मनात बळावला. क्योटो आणि ओसाका येथे धरपकड झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक यांना कान कापून, गावोगावी फिरवून, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. एका माणसाने दिलेला शब्द त्याच माणसाने मागे घेतला. त्याच्यावर दाद मागण्याचे ठिकाण साऱ्या देशात नव्हते. सम्राट गो-योझेई क्योटोच्या राजवाड्यात होता. शेवटच्या आशिकागा शोगुनने १५८८ मध्येच पद सोडून भिक्षूची वस्त्रे घेतली होती.

पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये, हिदेयोशी मरण पावला. १६०० च्या सेकिगाहारा येथील लढाईने तोकुगावा इएयासू सर्वश्रेष्ठ ठरला आणि १६०३ मध्ये सम्राटाने त्याला शोगुन नेमले. पंधरा वर्षे ओस पडलेले पद पुन्हा भरले. अवघ्या दोन वर्षांत त्याने ते मुलाला, हिदेतादाला दिले आणि स्वतः निवृत्त म्हणून पडद्याआडून राज्य चालवले. पद वंशपरंपरेने आपल्याच घराण्यात राहील, हे साऱ्या दाइम्योंना जिवंतपणीच दाखवून देण्याचा त्यात हेतू होता.

एदो म्हणजे आजचे टोकियो. तेथून पंधरा तोकुगावा शोगुनांनी १८६७ पर्यंत राज्य केले. आधीच्या लष्करी राजवटींपेक्षा ही वेगळी होती, कारण तिने सामर्थ्याला नियमांत बसवले. १६१५ मध्ये लष्करी घराण्यांसाठी नियमावली निघाली. परवानगीवाचून किल्ल्याची डागडुजी करायची नाही, परवानगीवाचून सोयरीक जुळवायची नाही. त्याच वर्षी सम्राट आणि दरबारासाठीही नियम काढले गेले आणि सम्राटाने प्रथम विद्याभ्यासाकडे लक्ष द्यावे असे त्यात लिहिले होते. सम्राटाचा नेमलेला माणूस सम्राटालाच कर्तव्ये शिकवू लागला! सम्राट गो-मिझुनो याने काही मठाधिपतींना मानाची जांभळी वस्त्रे बहाल केली, तेव्हा शोगुनच्या सरकारने ती रद्द ठरवली. १६२९ मध्ये सम्राटाने सिंहासन सोडले.

दाइम्योंची संख्या अडीचशेच्या आसपास असे. आपल्या मुलखात ते कर घेत, न्याय देत, स्वतःचे सैन्य बाळगत. शोगुन त्यांच्याकडून नियमित वार्षिक कर घेत नसे. मग त्यांना वेसण कशी घातली? तिसरा शोगुन इएमित्सू याने १६३५ मध्ये पक्का केलेला नियम हे त्याचे उत्तर. प्रत्येक दाइम्योने सामान्यतः एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहायचे. बायकामुले कायम एदोत, म्हणजे ओलीसच. दोन ठिकाणचे वाडे आणि शेकडो माणसांच्या लवाजम्यासह होणारा प्रवास यांत जहागिरीचे उत्पन्न आटून जाई, बंडासाठी पैसा उरत नसे. एदोत ‘रोजू’ नावाचे चार-पाच ज्येष्ठ मंत्री दैनंदिन कारभार पाहत आणि शोगुन लहान असो वा दुबळा, यंत्र चालू राही. शांतता लाभली, रस्ते सुरक्षित झाले, शहरे वाढली. या राजवटीचे हे श्रेय नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पण हेच यंत्र ख्रिस्ती श्रद्धेवर चालवले गेले, तेव्हा काय झाले? १६१४ मध्ये देशव्यापी बंदी आली. उकोन यांना मनिलाला हद्दपार करण्यात आले आणि १६१५ च्या आरंभी ते तेथे निवर्तले. (२०१७ मध्ये ओसाका येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.) १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे जुलमी करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होते, बंड केले. शोगुनने लाखाहून अधिक सैन्य पाठवून ते चिरडले. पण जिच्या जुलमामुळे बंड पेटले त्या जहागिरीच्या दाइम्योचाही शिरच्छेद केला, हा त्या राजवटीचा न्याय. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदरे बंद झाली. १६४० मध्ये ख्रिस्ती लोकांचा शोध घेण्यासाठी खास खाते निघाले आणि इनोउए मासाशिगे त्याचा प्रमुख झाला. शुसाकू एन्दो यांच्या १९६६ च्या ‘मौन’ या अर्थाच्या कादंबरीतील अधिकारी तो हाच. हळूहळू देशातील प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिराकडे नाव नोंदवून, आम्ही ख्रिस्ती नाही, असा दाखला मिळवावा लागू लागला. शेजाऱ्यांचे पाच-पाच घरांचे गट एकमेकांसाठी जबाबदार धरले गेले. नागासाकीत दरवर्षी पवित्र प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. तायकोचा राग त्याच्यासोबत संपला असता. नोंदवहीला मरण नव्हते.

१८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी खेड्यातील काही माणसांनी फादर पेतिजाँ यांच्याजवळ येऊन आपली श्रद्धा उघड केली. सात पिढ्या गुप्तपणे जपलेली ती श्रद्धा होती. १८६७ च्या उन्हाळ्यात शोगुनच्या अधिकाऱ्यांनी त्यांची धरपकड सुरू केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाला परत केली आणि जानेवारी १८६८ मध्ये सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. झेवियर ज्याला शोधत क्योटोला गेले होते, तो सम्राट आता खरोखर राज्यावर होता. पण उराकामीचे प्रकरण मिटले नाही. नव्या सरकारने बंदीचे फलक पुन्हा उभारले आणि तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती ग्रामस्थांना वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार केले. त्यांपैकी सहाशेहून अधिक जण तिकडेच मरण पावले. परदेशी सरकारांच्या निषेधानंतर १८७३ च्या फेब्रुवारीत ते फलक उतरवण्यात आले आणि उरलेले लोक आपल्या गावी परतले. काही वर्षांनी त्यांनी गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. पूर्वी तेथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत असत. त्या जागेवर त्यांनी आपले चर्च उभारले.